‘मजा नाही येत’च्या पुढे: डिझाइनच्या कल्पनांवर बोलायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका तरुण आर्किटेक्टचं म्हणणं आहे की डिझाइनच्या बैठकीत ज्याचं रेंडर (इमारत बांधल्यावर कशी दिसेल याचं संगणकावरचं चित्र) देखणं किंवा जो बोलायला पटाईत, त्याचीच स्कीम पुढे जाते. स्वतःच्या स्कीमवर मात्र ‘मजा नाही येत’ यापलीकडे काही ऐकायला मिळत नाही. म्हणून त्यांनी विचारलंय की कल्पनांचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करायची काही पद्धत असते का, आणि गुणांचा तक्ता केला तर हे वाद मिटतील का.

तक्त्याकडे नंतर येतो. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला अडचण जरा आधीची दिसते. तुमच्या बैठकीत कल्पना समोर येते ती चित्र म्हणून. चित्र बघून माणूस फार तर ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ म्हणेल, दुसरं काय म्हणणार? जी गोष्ट चूक ठरू शकेल अशा रूपात मांडलेलीच नाही, तिच्यावर चर्चा होत नाही, फक्त पसंती होते. आणि पसंतीत आवाज, हुद्दा आणि रेंडर हे तिघे नेहमी पुढे असतात.

आता काय कशावर अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. हॉस्पिटलच्या प्लॅनवरची चर्चा आणि स्मारकाच्या रचनेवरची चर्चा एकसारखी होणार नाही. पहिल्यात चूक-बरोबर ठरवता येईल अशा गोष्टी खूप असतात, दुसऱ्यात कमी. काम कुठल्या टप्प्यावर आहे यानेही बराच फरक पडतो. आणि तुमच्या ऑफिसात अंतिम निर्णय एकाच माणसाचा असेल, तर चर्चेचं काम त्या माणसाला नीट बघायला मदत करणं एवढंच उरतं. तेही कमी नाही, पण बैठकीत बसलेल्या सगळ्यांना ते माहीत असायला हवं. निर्णय आधीच झालेला असताना मतं मागवली, तर पुढच्या बैठकीला लोक तोंड उघडत नाहीत.

आमच्याकडे स्कीम मांडणाऱ्याने चित्र लावण्याआधी एक वाक्य लिहायचं असतं: अमुक केल्यामुळे अमुक माणसाला अमुक मिळेल. शाळेच्या कामात कोणी ‘मधोमध अंगण’ असं लिहिलं तर मी ते परत देतो, कारण अंगण हा आकार झाला. ‘सगळे वर्ग अंगणाकडे उघडतात, त्यामुळे ऑफिसात बसलेल्या मुख्याध्यापिकेला जागेवरून सगळी दारं दिसतात आणि पॅसेजमध्ये दिवसा दिवा लागत नाही’, हे वाक्य आलं की चर्चेला धरायला काहीतरी मिळतं. जागेवरून म्हणजे कुठून, खुर्चीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? अंगणात झाड लावायचंय, मग ते वाढल्यावर पलीकडची दारं दिसतील का? एक वर्ग खेळायला बाहेर आला की उरलेल्या वर्गांमध्ये शिकवणं ऐकू येईल का? ज्याला अंगण मुळात आवडत नाही तोही आता कामाचं काही बोलू शकतो. उलट ‘पारदर्शकता’, ‘प्रवाह’, ‘निसर्गाशी संवाद’ असल्या शब्दांवर कोणी हरकत घेऊच शकत नाही. जवळपास कुठल्याही प्लॅनखाली ते लिहिता येतात, म्हणून मी त्यांना वजन देत नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: मत देण्याआधी निरीक्षण सांगायचं. हे कसं होतं ते एका छोट्या दवाखान्याच्या प्लॅनवरून सांगतो. पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘वेटिंग कोंदट वाटतंय’. लगेच दुसऱ्याने उपाय सुचवला, बाहेरच्या बाजूला पूर्ण काच लावू म्हणजे मोकळं वाटेल. मी दोघांनाही थांबवलं आणि प्लॅनवर बोट ठेवायला सांगितलं. बोट गेलं भिंतीला लागून ठेवलेल्या बाकावर. बाक 450 मिलिमीटर खोल, त्याच्या पुढे 1200 चा पॅसेज. कागदावर बरं दिसतं. मग त्या बाकावर आम्ही एक बाई बसवली, मांडीवर तापाने फणफणलेलं मूल, पायाशी पिशवी. बसलेल्या माणसाचे पाय बाकाच्या पुढे साधारण साडेचारशे-पाचशे मिलिमीटर येतात. म्हणजे जायला उरले सातशे-साडेसातशे. व्हीलचेअरला सरळ जायला 900 लागतात आणि वळायला 1500 व्यासाची मोकळी जागा. थोडक्यात, व्हीलचेअर आली की बाईंनी पाय आखडून घ्यायचे, दर वेळी. शिवाय बाकाचं तोंड समोरच्या कोऱ्या भिंतीकडे होतं आणि डॉक्टरांचं दार पाठीमागे डाव्या हाताला. नंबर पुकारला की मान वळवून बघायचं, आणि काउंटरवरच्या नर्सला बाक दिसतच नव्हता.

‘कोंदट’ या एका शब्दात रुंदीची आणि नजरेची अशा दोन वेगळ्या तक्रारी होत्या. काच लावून त्यातली एकही सुटली नसती. बाक काटकोनात फिरवून कोनाड्यात घेतला, तेव्हा दार आणि काउंटर दोन्ही नजरेत आलं आणि पॅसेज मोकळा झाला. जागा एक चौरस फूटसुद्धा वाढवावी लागली नाही. ज्याने ‘कोंदट’ म्हटलं त्याचं बरोबरच होतं. त्याला जाणवलं ते खरं होतं, फक्त कारण सापडायचं होतं. म्हणून मी कुणाच्याही पहिल्या प्रतिक्रियेला मोडीत काढत नाही. ती तक्रार म्हणून घेतो, निदान म्हणून घेत नाही. आणि उपाय सुचवणाऱ्याला मात्र थोडं थांबवतो, कारण उपाय फार लवकर आला की तक्रार नीट तपासली जात नाही.

वस्तुनिष्ठतेबद्दल तुम्ही विचारलंत, तर तिथे एक फार जुनी वाटणी कामाला येते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने इमारतीकडून तीन अपेक्षा सांगितल्या: मजबुती, उपयुक्तता, सौंदर्य. कॉलेजात आपण हे पाठ करतो, पण या तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या जातीचे असतात हे बैठकीत विसरतो. मजबुतीवर मतदान होत नाही, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं गणित चालतं. ऊन, पाऊस, आग लागल्यावर बाहेर पडायची वाट, हेही तसंच. लंडनमध्ये 20 फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या आत वळलेल्या काचेच्या दर्शनी भागाने 2013 मध्ये ऊन एकवटून रस्त्यावर टाकलं आणि खाली उभ्या असलेल्या एका गाडीचे भाग वितळले. पुढच्या वर्षी वर झडपा बसवाव्या लागल्या. सूर्य कुठल्या दिवशी किती वाजता कुठे असेल हे आधीच काढता येतं. असे प्रश्न कुणाच्या मतावर सोडायचेच नसतात, ते तपासून आणायचे असतात.

उपयुक्ततेचा पुरावा म्हणजे वापराची तालीम, वर दवाखान्यात केली तशी. त्याला ठोकताळ्यांची जोड मिळते. जिन्याचा ठोकताळा बघा. दोन राइजर (पायरीची उंची) आणि एक ट्रेड (पाय ठेवायची खोली) यांची बेरीज साधारण 600 ते 640 मिलिमीटर यावी, हा हिशोब सतराव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेलपासून चालत आलाय आणि तो माणसाच्या पावलाच्या अंतरावर बेतलाय. 150 चा राइजर आणि 300 चा ट्रेड घेतला तर बरोबर 600. पण 190 चा राइजर आणि 250 चा ट्रेड घेतला तरी बेरीज 630 येते, म्हणजे हिशोबात बसतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो जिना नकोसा होतो. म्हणजे ठोकताळ्याने चर्चा संपत नाही, ती योग्य जागी येते: हा जिना कोण चढणार आहे, दिवसातून किती वेळा, हातात काय घेऊन?

उपयुक्ततेचा दावा कशाच्या भरवशावर उभा आहे, हेही त्याच वेळी विचारावं. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्रुइट-आयगो वसाहतीत अकरा मजल्यांच्या 33 इमारती होत्या. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावर थांबायची आणि तिथे रुंद गॅलऱ्या होत्या. मुलं तिथे खेळतील, शेजारी भेटतील अशी कल्पना. वसाहत उभी राहण्याआधीच, 1951 मध्ये, व्यावसायिक मासिकात तिचं कौतुक छापून आलं. प्रत्यक्षात त्या गॅलऱ्यांतून जायची रहिवाशांना भीती वाटू लागली, आणि 1972 पासून इमारती पाडायला सुरुवात झाली. याचं सगळं खापर डिझाइनवर फोडणं चूक आहे. देखभालीला पैसा नव्हता, वर्णभेदाची आणि घरवाटपाची धोरणं होती, शहर रिकामं होत होतं. पण ‘गॅलरीत शेजार जमेल’ या दाव्याला कुणीतरी देखरेख करणारं, दिवे बदलणारं, लिफ्ट दुरुस्त करणारं लागत होतं, आणि हे भरवसे चित्रात दिसत नाहीत. म्हणून मी विचारतो, हे चालायला इमारतीबाहेरचं काय काय चालू राहावं लागेल?

उरलं सौंदर्य. इथे बहुतेक लोक हात वर करतात, की ज्याची त्याची आवड. मला हे पटत नाही. ‘एलिव्हेशन (इमारतीची समोरून दिसणारी बाजू) जड वाटतं’ असं कोणी म्हटलं तर जडपणा कुठून येतो ते शोधता येतं. पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, फार उंच आहे का, खिडक्या भिंतीच्या बाहेरच्या पातळीला बसवल्यामुळे सावलीच पडत नाही का, तळमजला आणि वरचे मजले एकाच उंचीचे असल्याने इमारतीला पाया आणि माथा वेगळा दिसत नाही का? चित्रावर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद टाका, पॅरापेट झाका, पुन्हा बघा. खिडक्या दीडशे मिलिमीटर आत घेऊन दुसरं एलिव्हेशन काढा आणि शेजारी लावा. असं केलं की दहातले आठ मतभेद लहान होतात. जे उरतात ते खरे मतभेद. तिथे जबाबदार माणसाने ‘हा निर्णय मी माझ्या नजरेवर घेतोय’ असं उघड म्हणावं. त्याला उगाच हवा-उजेडाची कारणं चिकटवू नयेत.

एक धोका इथेच सांगतो. स्कीमला विरोध झाला की कुणीतरी आयफेल टॉवरचं उदाहरण काढतं: 1887 मध्ये पॅरिसच्या नामवंत लेखक-कलावंतांनी त्याविरुद्ध जाहीर निषेध छापला, आणि आज तोच शहराची ओळख आहे. गोष्ट खरी आहे. पण टीका झाली म्हणजे काम थोर, असं त्यातून निघत नाही. टीकाकार नेमकं काय म्हणतोय ते ऐकण्यातून हे उदाहरण पळवाट देतं, म्हणून मला ते बैठकीत नको असतं.

टप्प्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मे वाद दोन माणसं दोन वेगळ्या टप्प्यांवर उभी असल्यामुळे होतात. एक जण जागेचा विचार बघत असतो, दुसरा टॉयलेटच्या शाफ्टवर (पाइप नेण्याच्या उभ्या पोकळीवर) अडून बसतो. 1957 मध्ये सिडनी ऑपेरा हाऊसच्या स्पर्धेत यॉर्न उट्झॉन यांची स्कीम निवडली गेली तेव्हा त्यांची रेखाटनं अगदी ढोबळ होती, आणि परीक्षकांनाही ते दिसत होतं. पण बंदरात पुढे आलेल्या त्या जमिनीवर इमारत चहूबाजूंनी आणि वरूनही दिसणार, म्हणून छप्परच दर्शनी भाग करायचा, हे त्या जागेला दिलेलं उत्तर होतं, आणि त्या टप्प्यावर विचारायचा प्रश्न तोच होता. छपराची ती वळणदार कवचं उभी कशी राहणार, हे मात्र तेव्हा ठरलेलं नव्हतं. 1959 मध्ये बांधकाम सुरू झालं तेव्हाही नव्हतं. सगळी कवचं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून घ्यायची, हा तोडगा 1961 च्या सुमारास निघाला. इमारत उघडायला 1973 उजाडलं, 70 लाख डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला, आणि उट्झॉन 1966 मध्येच काम सोडून गेले होते. माझ्या मते निवड योग्य होती. उघडा प्रश्न तसाच ठेवून बांधकामाला हात घातला गेला ते महागात पडलं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक स्कीमच्या शीटवर कोपऱ्यात ‘उघडे प्रश्न’ लिहिलेले असतात आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या टप्प्याआधी मिटायला हवा हेही लिहिलेलं असतं. मग कन्सेप्टच्या बैठकीत शाफ्टचा मुद्दा निघाला की तो त्या यादीत जातो. मुद्दा हरवत नाही आणि बैठकही अडत नाही.

आता बोलण्यात पटाईत माणसांबद्दल. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाची स्पर्धा 1981 मध्ये झाली, 1421 प्रवेशिका आल्या. सगळ्या निनावी, फक्त क्रमांक. निवडली गेली ती 1026 क्रमांकाची, आणि ती होती माया लिन या 21 वर्षांच्या विद्यार्थिनीची. रंगीत खडूंची साधी चित्रं आणि सोबत लिहिलेलं टिपण. नावं आणि चेहरे समोर असते तर काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा. सहा जणांच्या ऑफिसात पूर्ण निनावीपणा जमणार नाही, एकमेकांचा हात सगळे ओळखतात. पण एवढं नक्की जमतं: सगळ्या स्कीम एकाच स्केलवर, एकाच प्रकारच्या रेषांत, पहिल्या फेरीत रेंडर नाही. आधी दहा मिनिटं कुणीही न बोलता शीट बघायची आणि प्रत्येकाने आपली निरीक्षणं कागदावर लिहायची. मग सगळ्यात नवख्याने आधी बोलायचं, सर्वात अनुभवी माणसाने शेवटी. मांडणाऱ्याला बोलायची संधी त्यानंतर. जे त्याला तोंडाने सांगावं लागतं आणि चित्रात सापडत नाही, ते बहुतेक वेळा डिझाइनमध्येही नसतं.

रेंडर दुसऱ्या फेरीत जरूर आणा, फक्त कॅमेरा डोळ्याच्या उंचीला, साधारण 1500 ते 1600 मिलिमीटरवर ठेवा. फार रुंद लेन्स लावली की बारा फुटांची खोली हॉलसारखी दिसते.

गुणांचा तक्ता. समजा चार निकष आहेत: दिसणं, खर्च, प्लॅन आणि आगीत बाहेर पडायची सोय. पहिल्या स्कीमला 9, 9, 9 आणि 2 मिळाले, दुसरीला चारही ठिकाणी 7. बेरीज 29 आणि 28. तक्ता म्हणतो पहिली घ्या, आणि पहिल्या इमारतीत आग लागली तर माणसं अडकतील. बेरजेत ही गोष्ट दिसेनाशी होते. म्हणून ज्या अटींना सूट नाही त्या तक्त्याबाहेर काढा. त्यात बसली नाही ती स्कीम दुरुस्त होईपर्यंत बाजूला. उरलेल्या निकषांसाठी तक्ता चालेल, पण त्याचा उपयोग बेरजेसाठी करू नका. एकाच स्कीमला एकाने 8 आणि दुसऱ्याने 3 दिलेत, ती चौकट शोधा. तिथे दोघं दोन वेगळ्या गोष्टी बघतायत, आणि बैठकीचा वेळ तिथे खर्च करण्यासारखा आहे.

पूर्ण वस्तुनिष्ठ पद्धत मिळणार नाही, याचं कारण डिझाइन आणि नियोजनाचे अभ्यासक होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी 1973 मध्येच नीट मांडून ठेवलंय: नियोजनातल्या अशा प्रश्नांची उत्तरं खरी-खोटी नसतात, बरी-वाईट असतात, आणि काम संपलं हे प्रश्न स्वतःहून कधी सांगत नाही. याच रिटेल यांनी वर्नर कुन्झ यांच्याबरोबर 1970 मध्ये चर्चेची नोंद ठेवायची एक रीत सुचवली होती: प्रश्न काय, त्यावर कोणकोणत्या भूमिका, आणि प्रत्येक भूमिकेच्या बाजूने-विरुद्ध काय युक्तिवाद. आमच्या बैठकीची नोंद मी अशीच ठेवतो, एका पानात. फायदा सहा महिन्यांनी दिसतो. क्लायंट येऊन विचारतो की जिना इकडे का, तर ‘सरांनी सांगितलं’ याऐवजी कारण हाताशी असतं. कारण बदललं असेल, म्हणजे समजा ज्या भिंतीमुळे जिना इकडे घेतला ती आता येणारच नसेल, तर निर्णयही मोकळेपणाने बदलता येतो. इमारत वापरात येऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की मी ते पान घेऊन तिथे जातो आणि सुरुवातीला लिहिलेली वाक्यं तिथल्या माणसांसमोर वाचून बघतो. पॅसेजमध्ये दिवसा दिवा लागतो का? मुख्याध्यापिकेने खुर्ची फिरवून ठेवलीय का?

तुम्ही ऑफिसात कनिष्ठ आहात, त्यामुळे यातलं सगळं तुम्हाला उद्या लागू करता येणार नाही, हे मला कळतं. वाक्य लिहिणं आणि उघड्या प्रश्नांची यादी, हे दोन मात्र कुणाला न विचारता स्वतःच्या शीटवर सुरू करता येतं. आणि पुढच्या वेळी ‘मजा नाही येत’ ऐकलंत की बचाव करू नका. पेन्सिल पुढे करा आणि विचारा, ‘नेमकं कुठे?’ बहुतेक वेळा पेन्सिल कुठेतरी टेकते. तिथे गोल करा, त्या जागी कोण माणूस उभा किंवा बसलेला आहे ते विचारा, आणि दोन दिवसांत त्याच जागेचे दोन पर्याय त्याच स्केलवर काढून घेऊन जा. पेन्सिल कुठेच टेकली नाही, तर शीटच्या कडेला तसंच लिहून ठेवा आणि स्कीम त्या बैठकीत बदलू नका.